अप्पांचा शेवट सांगायचा राहिलेला

भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नाही. आणि हे इथे लिहिताना मला भीती कोणाची वाटतेय माहितीये? माझ्या सासऱ्यांची! कारण अप्पा माझ्याहून कट्टर. आमचं बौद्ध घर, दाराला लिंबू-मिरची नाही की कसला उतारा नाही. कोणी भुताचा किस्सा काढला की अप्पा विचारायचे, "त्याचं रेशनकार्ड आहे का? मग राहतो कसा तिथे?" आणि मला अनुभव आला तो नेमका त्यांच्यामुळेच. हसायचं तर हसा, मी झालं ते सांगते.

आम्ही राहतो ठाकुर्ली पूर्वेला, तिसरा मजला, वन बीएचके. मी, नवरा नितीन, सासूबाई — आणि गेल्या वर्षापर्यंत अप्पा. ते आंबिवलीला एका कारखान्यात टायपिस्ट होते. जुन्या अमेरिकन पिक्चरचं त्यांना भयंकर वेड. ब्लॅक अँड व्हाइट, हॅट घातलेले पुरुष, आणि बायका कितीही रडल्या तरी लिपस्टिक जागच्या जागी. नितीनला पहिल्या दहा मिनिटांत झोप लागायची. मी लग्न होऊन आले आणि अप्पांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं.

रविवारी दुपारची जेवणं आवरली की पेनड्राइव्ह टीव्हीला. अप्पांचा नियम असा, की शेवट जवळ आला की पिक्चर पॉज करायचा आणि चहा टाकायचा. चहा पिता पिता दोघांनी आपापला शेवट सांगायचा. दोघांचे सांगून झाल्याशिवाय पिक्चर पुढे न्यायचा नाही म्हणजे नाही. ज्याचा शेवट खऱ्यापासून जास्त लांब, तो हरला, पुढच्या वेळचा चहा त्याच्याकडे. निकाल आई देणार. म्हणजे सासूबाई. त्या सगळा पिक्चर मेथी निवडत बसायच्या आणि शेवटाला तेवढी मान वर करायच्या. इंग्रजी अजिबात येत नाही, पण निकालावर अपील नसायचं.

चहा जवळजवळ नेहमी अप्पाच करायचे, कारण त्यांच्या शेवटात झाडून सगळे घरी परत यायचे. खुनीसुद्धा!

"अहो अप्पा, त्याला फाशी होणारे."

"सुटेल गं. चांगल्या घरचा दिसतोय."

माझ्या शेवटात याच्या उलट, कोणी वाचायचंच नाही. "सगळ्यांना मारतेस काय?" अप्पा वैतागायचे. "कोणाला तरी जेवायला बसव की!"

या खेळातूनच मी कथा लिहायला लागले. अप्पा माझे पहिले वाचक, आणि खरं सांगायचं तर एकुलते एक. मागच्या वर्षी एका दिवाळी अंकाला दीर्घकथा देते म्हणून मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बसलेले. शीळफाट्याजवळच्या गावातली एक बाई, घर सोडून गेलेल्या भावाची वाट बघत असते, अशी कथा. सगळी लिहून झालेली, अप्पांनी वाचलेली. शेवट तेवढा बाकी होता. "तो वाचून दाखव हां, मला घाई आहे," अप्पा म्हणालेले.

त्या रविवारी जो पिक्चर लावला, त्यातही एक बाई वाटच बघत होती. युद्धावर गेलेल्या नवऱ्याची. शेवटाकडे दारावर टकटक होते, ती कडीला हात घालते... आणि अप्पांनी पॉज केलं. "याचा शेवट माझ्याकडे फर्स्टक्लास आहे. यावेळी तू हरणार," असं म्हणून ते चहा टाकायला आत गेले. पातेल्याचा आवाज आला. मग हाक आली, "अगं, जरा इकडे ये, बरं वाटत नाहीये." हॉस्पिटलला नेलं, पण अप्पा घरी आले नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, घर ओकंबोकं झालं. माझी कथा तिथेच अडकली. भाऊ परत येत नाही, हे लिहायला घेतलं की हातच चालेना. संपादकांचे फोन येत होते. मी आज देते, उद्या देते करत होते. मनातून मी लिहिणं सोडलेलं होतं. ऐकणारा गेल्यावर कोणासाठी लिहायचं?

एका रविवारी वाटलं, निदान तो पिक्चर तरी पुरा करू. लावला. बाईने कडीला हात घातला आणि पिक्चर थांबला. प्ले दाबलं, एक क्षण हलला, परत थांबला. पुढे ढकलला तर फिरून तिथेच. नितीन म्हणाला, फाइल करप्ट आहे. त्याने दुसरी आणली, तीही तिथेच थांबली. लॅपटॉपवर तेच, मोबाइलवर तेच. नितीनच्या ऑफिसातल्या मित्राकडे मात्र तीच फाइल मस्त चालली. तो म्हणाला, "शेवट सांगू का?" नितीन म्हणाला, "खबरदार!" नवरा शहाणा आहे माझा, कधीकधी.

आणि एक सांगते. खराब फाइल नुसती थिजते ना? इथे कोपऱ्यात पॉजच्या दोन उभ्या रेघा यायच्या. कोणीतरी बटण दाबल्यासारख्या.

शेवटी आईच म्हणाल्या. मेथी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुमचे शेवट कुठे सांगून झालेत?"

मला हसूच आलं. पण सांगितला माझा. दारात कोणी नसतं, तिला भास झालेला असतो. पिक्चर हलला नाही.

"आता ह्यांचा सांग."

"आई, तो मला कसा माहीत असणार?"

"इतकी वर्षं काय ऐकत होतीस मग?"

मी त्या बाईकडे बघत बसले. आणि मग अप्पांसारखीच बोलायला लागले. नवराच आलाय गं. वाळलाय बिचारा. ती काही रडत-बिडत नाही, म्हणते, आधी हातपाय धू, मी पान वाढते... एवढं बोलले आणि मला रडू आवरेना.

टीव्हीतून कडीचा आवाज आला.

रिमोट टीव्हीखालच्या शोकेसवर होता. मी सोफ्यावर, आई खाली चटईवर. नितीन बाहेर गेलेला. पिक्चर सुरू झाला. दारात शेजारीण होती, काचेचं भांडं परत द्यायला आलेली. ती गेल्यावर बाईने दार लावलं नाही, उघडंच ठेवलं. संपलं.

आईंनी डोळे पुसले आणि निकाल दिला, "हे हरले."

मी चहा टाकायला उठले, तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "बस. आज त्यांची पाळी आहे."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. त्या दिवशी आमच्याकडे दुपारचा चहा झालाच नाही.

त्याच आठवड्यात कथा पुरी केली. भाऊ परत आला, बहिणीने त्याला जेवायला बसवलं. संपादक म्हणाले, शेवट जरा गोड झालाय. होऊ दे. आईंना मोठ्याने वाचून दाखवली, आत स्वयंपाकघरापर्यंत आवाज जाईल अशी.

हे काय होतं, मला सांगता येत नाही. अप्पा असते तर त्यांनी माझीच खिल्ली उडवली असती. ती फाइल अजून पेनड्राइव्हवर आहे. मी बऱ्याचदा लावते. आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ चालते, कुठेच थांबत नाही. कडीपाशी आली की मी वाट बघते... एकदा तरी थांबावी.