आत्या आणि 'अज्ञान' वारस

आमची आत्या छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधक होती. चुकलेली वेलांटी दिसली की तिला घास गिळवत नाही. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या, माझी लग्नपत्रिका, सगळ्यांवर तिची लाल पेन्सिल फिरली आहे. पत्रिकेवर तर लग्न लागून गेल्यावर फिरली. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा, गेल्यापासून मात्र "माझंही शेवटचं प्रूफ तपासून झालं" असं काहीबाही बोलायची. ऐकलं की मला रागच यायचा.

आईच्या नोकरीतला निवृत्तीचा फंड तिच्यामागे बाबांकडे आला होता. तो त्यांनी मृत्युपत्रात माझ्या बारा वर्षांच्या लेकीला ठेवला आणि ती अठराची होईपर्यंत सांभाळायला आत्याला नेमलं. "ती कागद वाचते, तू नुसती सही ठोकतेस," असं मला तोंडावर सांगून गेले. आता फंडाच्या ऑफिसात एक अर्ज तेवढा भरायचा होता. शुक्रवारी पाचच्या आत दिला नाही, तर प्रकरण कोर्टात जाणार आणि दोन वर्षं तिथेच लोळणार. लेकीला पोहण्याच्या शाळेत जागा मिळाली होती, पण फी त्या फंडातूनच भरायची होती.

पहिला अर्ज परत आला. आत्याने छापील 'निवृत्तीवेतन'मधली दुसरी वेलांटी ऱ्हस्व केली होती, कागदाच्या समासात खुणेसकट. "आजी, छापील मजकुराला हात लावायचा नाही," कारकून म्हणाला. दुसराही परत आला. 'वारस सज्ञान की अज्ञान' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'चांगली शहाणी आहे'. मी कपाळाला हात लावला.

"अगं आत्या, कायद्यात अठराच्या आतल्याला अज्ञानच म्हणतात."

"म्हणोत बापडे. चार प्रकारचं पोहणं मला तोंडी समजावते ही पोर. तिला मी माझ्या हाताने अज्ञान लिहू?"

शुक्रवारी साडेचारला खिडकीपाशी तिसरा अर्ज समोर घेऊन ती त्याच रकान्यावर अडून बसली. कारकून एकदा घड्याळाकडे बघे, एकदा माझ्याकडे. लेक तलावावरून तशीच आली होती, वेण्यांतून पाणी ठिबकत होतं.

"आत्याआजी, लिही ना अज्ञान. मी अठराची झाले की तूच खोड, लाल पेन्सिलने."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे अजून सहा वर्षं?"

"हो, सहा. मधेच कुठे जायचं नाही."

आत्याने 'अज्ञान' लिहिलं, वळणदार अक्षरात. कारकुनाने शिक्का मारला. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

जिना उतरताना आत्याने पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि बोटभर उरलेला तुकडा उजेडात धरून पाहिला.

"ही काही पुरायची नाही," ती म्हणाली. "वाटेत नवा डबा घेऊ."