डॉबसनसाहेबाची उजळणी

कापसाच्या वखारीत दोन गोष्टी कितीही झाडून काढा, संध्याकाळपर्यंत पुन्हा साचतात. एक रुई आणि दुसरे किस्से! रुई निदान गाठीत बांधून बोटीवर चढवता येते. किस्से कुठे पाठवणार? ते तुमच्यासारख्या मित्रांच्याच गळ्यात मारायचे.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आमच्या अमरावतीला एकाएकी सोन्याचे दिवस आले. त्या धामधुमीत आमच्या वखारीत डॉबसनसाहेब आला. लांबलचक देह, लालबुंद नाक, पण मनाने लाख माणूस. मुंबईच्या बड्या साहेबाचा त्याला हुकूम होता, की शेतकऱ्यासमोर उभं राहून त्याच्याच भाषेत माल मोजायचा. हंगाम संपताना बडा साहेब स्वतः परीक्षा घ्यायला येणार. डॉबसन नापास झाला तर तो मुंबईला परत आणि त्याचा पंतोजी घरी!

तो पंतोजी म्हणजे मी. अचलपूरच्या एका गृहस्थांनी ‘मुलगा साहेबाच्या वखारीत आहे’ एवढ्याच भांडवलावर मला मुलगी द्यायचं कबूल केलं होतं. साहेबाची उजळणी अडली की माझी वरात अडली! हे मी साहेबाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला.

*

अठ्ठावीसपर्यंत गाडी बरी चालली. एकोणतीसला साहेब अडून बसला.

“पंतोजी, तीस अजून आले नाहीत. त्यांचं नाव आधीच का घ्यायचं?”

मी म्हटलं, “साहेब, पाहुणा वेशीवर दिसला की आम्ही घरात पाट मांडतो!”

साहेबाला ते एकदम पटलं. पुढे एकोणचाळीस, एकोणपन्नास आले की तो आधी हसायचा आणि मग म्हणायचा.

*

एकदा एका पाटलाकडे जेवायला बसलो. साहेबाला आकडे वापरायची भारी हौस. ताट समोर आल्याबरोबर म्हणाला, “भाकरी तीन द्या!”

पाटलीणबाईंचा हात टोपल्यातच थांबला. “तीन नाई वाढत बाप्पा ताटात. दोन घ्या, नाईतं चार घ्या.”

साहेबाने चार घेतल्या. वऱ्हाडातली भाकरी ती, चौथी संपेपर्यंत त्याचं नाक जांभळं पडलं! पण शिकवण पक्की बसली. दुसऱ्या दिवशी बटलरने न्याहारीला तीन अंडी आणली, तर साहेब ओरडला, “तीन नाई वाढत! चार आण!” वऱ्हाडचं पाणी साहेबाला मानवलं, असं बटलर सगळ्यांना सांगत सुटला.

*

वखारीच्या चुलीला गोवऱ्या हव्या होत्या. साहेब स्वतः बाजारात गेला आणि एका म्हातारीकडे शंभर मागितल्या.

“मायाजवळ शंभर-फंभर नाई. पाच विसा हायेत. घेतं का?”

साहेबाला शंभरच हव्या होत्या! त्याने अख्खा बाजार पालथा घातला. जिकडेतिकडे पाच विसाच! शेवटी हिरमुसून पुन्हा म्हातारीकडे आला आणि त्याच उचलल्या. वखारीत मोजून बघतो तर पुऱ्या शंभर! तसाच पळत परत गेला. “बाई, तुम्ही चुकून शंभर दिल्या!”

म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मंग म्या काय मनलं होतं?”

*

अकोल्याला तर गंमतच झाली. सौद्याचा भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, ही आपली दलालांची पद्धत. साहेबाला ती सांगायची माझ्याकडून राहून गेली होती. दलालाने रुमालाखाली चार बोटं दाबली, साहेबाने तोच हात धरून गदागदा हलवला आणि म्हणाला, “हाऊ डू यू डू!”

दलाल रुमाल झटकून उठला. “झाला सौदा! इतका खुश गिऱ्हाईक मी जल्मात पायला नाई!”

*

आणि मग आला लाभ. आपल्याकडे काट्यावर पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजत जायचं. साहेब पहिल्यांदा काट्याशी उभा राहिला आणि छाती फुगवून म्हणाला, “एक!” आमच्या सखाराम मापाऱ्याने ‘अपशकुन!’ म्हणत झटकन काटा उतरवला. नारळ फोडून, काट्याला हळद-कुंकू लावून सगळं मुळापासून सुरू करावं लागलं.

साहेबाने त्याची इतकी धास्ती घेतली, की ‘एक’ हा शब्दच टाकला. कुणी गाडीवान विचारायचा, “सायेब, बायका किती?”

“लाभ!”

गाडीवान सुस्कारा टाकायचा. “आमाले तं नाई झाला बाप्पा!”

*

अखेर बडा साहेब आला. मुंबईत बसून पुस्तकातून मराठी शिकलेला, आणि त्याची भलतीच घमेंड. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, काट्याशी सखाराम, आणि मी देव पाण्यात घालून उभा.

पहिलं बोरं, म्हणजे कापसाचं भलंमोठं पोतं, काट्यावर चढलं. डॉबसनसाहेब खणखणीत आवाजात म्हणाला, “लाभ!”

“चूक! पहिलाच आकडा चूक!” बडा साहेब कडाडला. पुढे होऊन त्याने बोऱ्यावर काठी आपटली. “एक! एक! एक!”

सखारामने काटा उतरवला. पहिल्या गाडीवाल्याने बोरं परत गाडीत टाकलं आणि बैल वळवले. त्याच्यामागे दुसरी गाडी वळली, मग तिसरी. मला त्या गाड्यांबरोबर माझी वरातही वळताना दिसत होती.

तेवढ्यात डॉबसनसाहेब धावत बड्या साहेबासमोर आला. इंग्रजी बिंग्रजी सगळं विसरला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, “सायेब, लाभ म्हणा! कावून पंतोजीचं लगन मोडून राह्यले तुमी?”

बड्या साहेबाने वळत्या गाड्यांकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुटपुटला, “लाभ.”

पहिल्या गाडीवाल्याने बैल थांबवले, पण मागे वळून काही पाहिलं नाही. “आयकू नाई आलं, सायेब!”

बड्या साहेबाने टोपी काढली आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, “लाभ!”