मावशींचं बंद पाकीट

इतके खून करून इतकी सज्जन राहिलेली बाई माझ्या पाहण्यात दुसरी नाही. माझ्या बायकोची ही सख्खी मावशी लग्न होऊन नागपूरहून निघाली ती थेट कॅनडातल्या एका गावात पोचली. तिथे सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा महिने बर्फाची चर्चा. दिवसा मावशी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देत आणि त्याच गोळ्यांनी कोणाला कसं संपवता येईल, ते संध्याकाळी लिहून काढत. अशा त्यांच्या अकरा रहस्यकादंबऱ्या निघाल्या, सगळ्या इंग्रजीत, सगळ्या त्याच बर्फातल्या गावात घडणाऱ्या. त्यातले खून एक निवृत्त पोस्टमास्तरीण शोधून काढते. टोरांटोच्या प्रकाशकाने एकदा सुचवलं की आता तिला जरा उन्हाच्या गावी पाठवा. मावशींनी कळवलं, "उन्हात माणसं घराबाहेर असतात. मारायची कशी?"

काका गेल्यावर त्या अमेरिकेत ॲन आर्बरला, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायला आल्या आणि आमच्या साध्यासुध्या आयुष्यात प्रेतं येऊ लागली. एकदा मी मॅनेजरला घेऊन एअरपोर्टला निघालो होतो. गाडीच्या स्पीकरवर मावशींचा फोन आला. "अरे, तुझ्या गाडीच्या ट्रंकमध्ये साडेपाच फुटी डेड बॉडी मावेल का रे? गुडघे दुमडून?" मॅनेजरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण नेमके महत्त्वाचे शब्द कळले. एअरपोर्ट येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मावशींचं मात्र माझ्या 'बहुतेक मावेल'ने समाधान झालं नाही. रविवारी ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये त्या स्वतः ट्रंकमध्ये आडव्या होऊन खात्री करून आल्या. मंडळाच्या गणपतीत श्रीखंड वाढून घेताना त्यांनी यजमानीणबाईंना फार प्रेमाने विचारलं होतं, "जायफळ इतकं घातलंय की खाली दुसरं काही मिसळलं तर कळणार नाही, नाही का?" त्यांना ती मनापासून केलेली तारीफ वाटत होती. आमच्या रांगेत मागे उभ्या असलेल्यांनी त्या दिवशी गुलाबजाम घेतले.

थाप पकडण्यात तर त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मी खोटं बोलताना चष्मा काढून पुसतो, हे माझ्या बायकोला लग्नानंतर कित्येक वर्षं समजलं नव्हतं. मावशींनी ते पहिल्याच भेटीत, चहा घेताघेता, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तेव्हापासून घरात माझी जी पंचाईत झाली आहे ती आजतागायत चालू आहे.

लिहिण्याची त्यांची एक रीत होती. आधी शेवटचं प्रकरण लिहायचं, ते पाकिटात घालून चिकटवायचं आणि माझ्या ताब्यात द्यायचं. "लिहितालिहिता माणसांचा लळा लागतो रे," त्या म्हणत. "मग खुन्याला सोडून द्यावंसं वाटतं. पाकीट तुझ्याकडे असलं की मला दया दाखवता येत नाही." आमच्या व्हिसाच्या कागदांच्या फाइलमध्ये ते पाकीट कादंबरी पुरी होईपर्यंत असायचं. माझी मुलगी दर वेळी विचारायची, "आजी, हू डिड इट?" आणि आजी दर वेळी म्हणायच्या, "तुझ्या बाबाला विचार, त्यालाही माहीत नाही."

बाराव्या कादंबरीच्या वेळी, मागच्या हिवाळ्यात, त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांची स्मृती हळूहळू कमी होत जाणार, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. टेबलावर अडीचशे पानं टाइप केलेली होती. "खुनी कोण, ते मला आठवत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, पाकीट घेऊन येतो."

"खबरदार. माझ्या वाचकांना कुठे पाकीट मिळतं? माझ्या डोक्यात अजून काय उरलंय, ते मला बघू दे."

मग तीन आठवडे त्या स्वतःचीच कादंबरी लाल पेन्सिल घेऊन वाचत होत्या. फ्रिजवर चिठ्ठ्या लागल्या, संशयितांची नावं खोडली गेली. शेवटी त्यांनी मला पाकीट घेऊन यायला सांगितलं. "गावातला डेंटिस्ट. त्यानेच केलाय. आता फोड आणि तूच वाच. मला फक्त बरोबर की चूक ते सांग."

मी वाचलं. खून लायब्ररीतल्या बाईने केला होता.

"बरोबर आहे, मावशी," मी म्हटलं.

"चष्मा पुसून झाला असेल तर घाल आता," त्या म्हणाल्या. मी ओशाळलो. त्या मात्र कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या. "कोण होतं ते सांगू नकोस. खून डेंटिस्टच करणार, तो शेवट जास्त चांगला आहे. आणि तू थाप मारलीस ते मला कळलं ना? मग झालं तर."

कादंबरी डेंटिस्टसकट आली. या वेळी खुनी अजिबात ओळखता आला नाही, अशी पत्रं वाचकांनी पाठवली. जुनं पाकीट अजून माझ्या फाइलमध्येच आहे.

आता मावशी लिहीत नाहीत. कधीकधी माझ्या मुलीला माझ्या बायकोच्या नावाने हाक मारतात. मी दर शनिवारी जातो, ऑफिसची काहीतरी थाप मारतो, चष्मा काढून पुसतो आणि वाट बघत बसतो. परवा बराच वेळ लागला, पण पकडलं त्यांनी.