शनिवारी व्हँकुव्हर

सिएटलजवळच्या आमच्या पार्कात त्या रोज दिसायच्या. साडीवर नातीचं जुनं जॅकेट, पायांत सुनेचे बूट. नाव मी कधी विचारलं नाही, काकूच म्हणायचो. त्यांचा मुलगा शनिवारी सगळ्यांना ट्रेनने कॅनडात, व्हँकुव्हरला नेणार होता आणि त्याच दिवशी परत. आठवडाभर त्या मला गाडीच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवत होत्या.

शनिवारी बघतो तर बाकावर एकट्याच. मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा.

"काकू, गेला नाहीत?"

"मला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो म्हणे. काल आठवलं त्याला." जॅकेटची चेन त्या उगाच खालीवर करत राहिल्या. "आठवडाभर 'आपण जाऊ' म्हणत होता. काल जेवताना म्हणाला, 'आम्ही जाऊन येतो.' घे, पुरी खा. डबाही नेला नाही त्यांनी."

मी डब्यातली एक पुरी उचलली. पुढच्या महिन्यात माझी आई यायची होती. तिलाही मी हीच ट्रेन कबूल केली होती, आणि तिच्या कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भरायचा कंटाळा मीच केला होता.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आपली गाडी कितीची रे?"

मी तिला वेळ सांगितली.