आत्याबाईंचं चालतं हळदीकुंकू

माझ्या बायकोच्या आत्याबाईंना हळू आवाजात बोलता आलं असतं, तर बरकतपुऱ्यातली निम्मी गुपितं आजही शाबूत असती. जन्मभर सातवीला गणित शिकवलेलं. सुनेचं भांडण, भाच्याचा पगार, कुणाचं ऑपरेशन, सगळं एकाच पट्टीत. ज्या आजाराला आमच्या घरांतून 'ते दुखणं' एवढंच म्हणत, त्याला त्या बेगम बाजारात हळद निवडता निवडता सरळ स्तनाचा कॅन्सर म्हणत. दुकानदार ओशाळून म्हणाला, "अम्मा, जरा हल्लू बोलो." तर या म्हणाल्या, "हल्लू कायको? बच्ची ने चोरी करी क्या?"

या बच्च्या म्हणजे त्या दुखण्यानं दवाखान्यात पडलेल्या लेकुरवाळ्या पोरी. त्या तिकडे खाटेवर, आणि त्यांची मुलं इकडे आत्याबाईंच्या व्हरांड्यात पाढे घोकत. एक तेलुगू आई बरी होऊन आली, तेव्हा तिच्या मुलानं घडाघडा निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, म्हणून दाखवली. तिला ते स्तोत्र वाटलं. बिचारीनं हात जोडले.

या पोरींसाठी, त्या दुखण्याची लाज मोडायला, बायकांनी मिळून विद्यानगरपासून बरकतपुऱ्यापर्यंत चालायचं असं आत्याबाईंनी ठरवलं, तेव्हा एकही सासरा सुनेला सोडेना. मग त्यांनी हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या वाटल्या. त्याला कोण नाही म्हणणार? पन्नास-साठ बायका रेशमी नारायणपेठी नेसून हजर. शहरात नव्यानंच आलेल्या एका कॉम्प्युटर कंपनीनं गुलाबी टोप्या दिल्या होत्या, त्या गजऱ्यांवर चढल्या. आत्याबाईंनी पहिलं कुंकू दुखणाईत पोरींना लावलं, ज्यांना एरवी हळदीकुंकवाला बोलावणंच बंद झालं होतं. मग शाळेतली शिट्टी फुंकून म्हणाल्या, "बाकीच्यांना कुंकू घरी पोचल्यावर. चला."

त्या पोरींत माझी बायको होती. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. ऑफिसात मी तिला टायफॉइड झाल्याचं सांगितलं होतं. त्या दिवशी स्कूटर ढकलत कडेकडेनं चालत होतो, तर चौकात आमचे साहेब भेटले. "काय हो, तुम्ही इकडे कुणासाठी?"

मी म्हणालो, "शेजारणीसाठी."

बायको दोन हातांवर होती. तिनं टोपी कपाळावर जरा पुढे ओढली आणि चालत राहिली. घरी आल्यावर मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही, मीही नाही. पुढे चार वर्षं ती होती. तेवढ्यातही मला जमलं नाही. आणि रस्त्यात गाठून कुणालाही फैलावर घेणाऱ्या आत्याबाईंनी मला कधी एका शब्दानं छेडलं नाही. त्यांना माहीत नसावं, असं मी धरून चाललो.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. हल्ली गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाहीत. त्या शेंगा सोलत होत्या. का कोण जाणे, मी चौकातलं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला, जावईबापू," त्या शेंगांवरून नजर न काढता म्हणाल्या. "तिनं तिथंच सांगितलं. मी तुमच्याकडेच निघाले होते, दोन शब्द सुनवायला. तर पोरीनं पदर धरला. म्हणाली, आत्या, त्यांना काही बोलू नकोस, घाबरलेत ते."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही. पाणी मागितलं."