पडलेल्या आमदाराची शिकवणी

मी लग्नात माईकवर असतो. नोकरी रांजणगावच्या कंपनीत, पण लग्नसराईत सुट्टीच्या दिवशी निवेदन. पाहुण्यांची नावं पुकारायची, जेवणाकडं पळणाऱ्यांना थोपवायचं, हरवलेली पोरं आयांना परत द्यायची. आन् मधी जागा मिळाली की आमदारांचा आवाज काढायचा.

आवाज काढायची खोड जुनी. शिरूरला मामाकडं शिकायला व्हतो, तिथं सगळ्या सरांचे आवाज काढून झाले. हेडसरांचा काढला, तवा मामानं दौंडच्या गाडीत बसवून दिलं.

तर आमदार. सगळे त्यांना आबा म्हणत्यात. त्यांच्या पाच निवडणुका झाल्या आन् मी पाचीचे आवाज काढतो. पयलीला पडले, डिपॉझिटसकट. तवा जीपवरचा भोंगा सारखा बंद पडायचा, म्हणून आवाज बेंबीच्या देठापासून. मी त्या वेळी दोन वर्षांचा. पण वडील त्या जीपवर ड्रायव्हर व्हते, त्यांनी तो आवाज करून दाखवला. नक्कल आमच्यात वडिलोपार्जित हाय. दुसरीला थोडक्यात पडले, तवा घसा बसलेला. तिसरीला निवडून आले आन् आवाजावर साय धरली. चौथीला परत आले, तवा तर प्रत्येक वाक्याच्या पुढं 'खऱ्या अर्थानं' आन् मागं 'निधी'. पाचवीला पडले. पाचवीचं एकच वाक्य, निकालाच्या दिवसाचं: "लोकांचा कौल मान्य हाय." दाढ काढून घेतलेला माणूस डॉक्टरला थँक्यू म्हणतो, तसं मी ते म्हणायचो. लोक लोळायचे.

निकालाला दोन महिने झाले आन् वरवंडला एक लग्न व्हतं. मुहूर्त टळून गेलेला, नवरदेव गाडीतनं उतरंना, लोक उभेच्या उभे. मी चौथ्या निवडणुकीचा आवाज लावला. "खऱ्या अर्थानं, तुमच्यासाठी मी खुर्च्यांचा निधी आणलेला हाय. बसून घ्या."

हसत हसत सगळे बसले. सगळे बसल्यावर मागं पाण्याच्या जारपाशी एक पांढरा सदरा दिसला. तो एकटाच हसत नव्हता. आबा.

लग्नात नाव पुकारायचं तर आधी चिठ्ठी माईकवाल्याकडं यावी लागती. पूर्वी आबांची गाडी हायवेवरनं वळायच्या आधी त्यांची चिठ्ठी माझ्या हातात असायची. त्या दिवशी माझ्याकडं मूठभर चिठ्ठ्या, सोसायटीच्या माजी संचालकाची सुद्धा, पण आबांची नव्हती. चिठ्ठी द्यायला त्यांच्यासंगं कुणी आलंच नव्हतं. मी घाईनं नाव पुकारायला गेलो, तर त्यांनी लांबूनच हातानं नको म्हटलं.

अक्षता पडल्यावर ते स्पीकरपाशी आले.

"कुणाचा रं तू?"

"जीपवाल्याचा, आबा."

"व्हय का. बाप बरा हाय?"

"बराय. आबा, चुकलं माझं. पोटासाठी करतो."

"मी बी पोटासाठीच बोलत व्हतो. पयली निवडणूक काढ."

मी हळू आवाजात काढली. "बसा मंडळी, मी बी बसतो. मला सांगा, लाईट कवा येती तुमच्याकडं?" आन् गप्प झालो.

"थांबलास का?"

"तुम्ही थांबायचा, आबा. कुणीतरी म्हणायचं रात्री दोनला. मग तुम्ही गावाला ओरडून सांगायचा, ऐका, ह्यांच्याकडं रात्री दोनला येती. वडील सांगत्यात."

"चौथ्या निवडणुकीत न्हाई थांबत मी?"

"थांबता की. टाळीसाठी."

बोलून गेलो आन् जीभ चावली. आबा तळहाताला चिकटलेल्या अक्षता एकेक करून काढत राह्यले. मग म्हणाले, "घरचे म्हणत्यात राजकारण आता बास करा. रविवारी पाटसला लोक बोलावल्यात. कोण आलं न्हाई, न्हाईतर येऊन उठून गेलं, तर खरंच बास करणार. तवर मला ही पयली निवडणूक शिकव."

मला वाटलं चेष्टा करत्यात. पण दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून त्यांच्या घरी गेलो, तर अंगणात दोन खुर्च्या मांडून बसलेले. तीन दिवस शिकवणी चालली.

"आबा, एवढं सावकाश न्हाई. तुम्ही पडणार हाय, घाई असायची तुम्हाला."

"पडणार हे तवा मला कुठं म्हाईत व्हतं?"

"वडलांना म्हाईत व्हतं."

हसले. पण 'खऱ्या अर्थानं' उचकीसारखं यायचं. मी नियम केला, आलं की एक पेला पाणी प्यायचं. पयल्या दिवशी तांब्या संपला. तिसऱ्या दिवशी तीनच पेले. मी घरी वडलांना सांगितलं, गडी तयार झाला.

रविवारी पाटसच्या देवळापुढं चाळीस खुर्च्या, माणसं निम्म्यांवर. आबा उठले. "बसा मंडळी, मी बी बसतो."

माझ्या पुढं बसलेला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "आबा त्या पोराची नक्कल करायला लागलं की."

"पोरगंच बरं करतंय," शेजारी.

मी स्पीकरच्या मागं, आन् त्याच्या आतच शिरावं असं झालेलं. आबांनी रेटलं. "मला सांगा, लाईट कवा येती तुमच्याकडं?"

एक म्हातारबा म्हणाले, "आता दिवसा येती, आबा. तुम्हीच केलं की ते. इसरला का?"

ह्याच्या पुढचं आम्ही बसवलंच नव्हतं. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी चपलेकडं. दोन माणसं उठायला लागली. आबांनी माईक बाजूला ठेवला आन् नुसत्याच आवाजात विचारलं, "मग आता काय येत न्हाई?"

आन् थांबले. लय वेळ थांबले.

मागनं एक बाई उठली. बुद्धविहाराच्या बाजूची. "बस येत न्हाई. पोरींच्या कंपनीची. हायवेलाच अलीकडच्या वळणावर सोडती, तिथनं फाट्यापातुर आन् मग आत वस्तीपातुर अंधारात चालत यावं लागतं."

"कितीजणी?"

"सात."

"रोज?"

"रोज. आम्ही कुणीतरी बॅटरी घेऊन जातो आणायला."

"ऐका," आबा सगळ्यांकडं वळून म्हणाले, "सात पोरी रोज अंधारात चालत येत्यात. ताई, कुठल्या वळणापास्नं, परत सांगा." आन् खुर्ची उचलून तिच्याजवळ नेली. उठलेली दोन माणसं परत बसली. मग एकानं शाळेच्या पत्र्याचं काढलं, एकानं कालव्याच्या चारीला न येणाऱ्या पाण्याचं. मागच्या खुर्च्या पुढं सरकत गेल्या. तो आवाज ना पयल्या निवडणुकीचा व्हता, ना चौथीचा. वडलांनी बी कधी करून दाखवलेला न्हाई.

जाताना आबा गाडीची काच खाली करून म्हणाले, "काय मास्तर, कसं झालं?"

"पयला आवाज साफ चुकला, आबा."

"व्हय, ते म्हाईत हाय. मंगळवारी कंपनीच्या गेटवर जायचंय, त्या बाईंना घेऊन. येतो का?"

"सेकंड शिफ्ट हाय माझी."

"सकाळीच जायचंय. आन् घरी सांग, आबा बास करत न्हाई."

गेलो मंगळवारी. बस अजून वस्तीपातुर येत न्हाई, पण फाट्यापातुर यायला लागली. हायवेवरनं चालायचं वाचलं. राहिलेल्यासाठी आबा परत जाणार हायत. मी लग्नात अजून पाचच आवाज काढतो. सहाव्याची प्रॅक्टिस चालू हाय, पण त्यात थांबायला लय लागतं, आन् गप्प बसणं हे मला अजून न्हाई जमत.