विसावी नोट

रंगरावांना फसवणं सोपं नव्हतं. रिक्षाचं मीटर ते वाकून स्वतः वाचत आणि मंडईत मेथीची जुडी अशी उलटीपालटी करत, की भाजीवाली म्हणे, "घ्यायचीय का सोयरीक करायचीय?" खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. चूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

फक्त नोटा मात्र ते मोजत नसत. ते खातं बायकोचं, चंद्रभागाबाईंचं. पगार असो की पेन्शन, रंगराव कसबा पेठेतल्या दोन खोल्यांच्या दारात आले की बाई तळहात पुढे करायच्या. चपला काढायच्या आत वरची पहिली नोट त्या हातावर ठेवायची. ती दारामागच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डब्यात जायची. मग बाकीचं मोजायचं.

२००३च्या दिवाळीनंतर बाई गेल्या. मुलगा आनंद कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरवर. रविवारी फोन करायचा आणि तिथल्या थंडीचं सांगायचा. उरलेले सहा दिवस घरात रेडिओ बोलायचा. जिवंत माणसाने विचारपूस करावी अशी जागा एकच उरली होती, बँकेतली कॅशची खिडकी. तिथे बसणारी नीरजा काचेआडून विचारायची, "काका, जेवलात का?" एवढं ऐकायला रंगराव आठवड्यातून दोनदा पासबुक भरून घ्यायला जायचे. पासबुकात भरायला काही नसायचं, हे तिलाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये, बाई गेल्यावर पहिल्यांदाच, त्यांनी पैसे काढले. दहा हजार, पाचशेच्या वीस नोटा. नीरजाने यंत्रात मोजल्या, पुन्हा हाताने मोजल्या. रंगरावांनी त्या खिशात घातल्या, घरी आले, पाणी प्यायले आणि खाटेवर बसून मोजल्या. एकोणीस.

अर्ध्या तासात ते परत खिडकीशी उभे. नीरजा गोंधळली. "काका, मी दोनदा मोजल्या हो."

मॅनेजर बाहेर आले. "काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत, हा बोर्ड मराठीतच आहे. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर कळवू." मग आवाज मऊ करून म्हणाले, "वयोमानानं होतं असं."

तो मऊ आवाजच रंगरावांना झोंबला. संध्याकाळी कॅश पै न् पै जुळली, आणि म्हातारा खोटा ठरला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुख्य कार्यालयाला चार पानी तक्रार धाडली. त्यात नीरजाचं नाव तीनदा होतं, तिसऱ्यांदा अधोरेखित. खरं सांगायचं तर पाचशे रुपयांनी त्यांचं काही अडत नव्हतं. पण आपलं डोकं अजून ठिकाणावर आहे, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी नीरजा घरी आली. दारातच उभं राहून तिने पर्समधली पाचशेची नोट काढली. "माझ्याच हातून झालं असेल, काका. तेवढी तक्रार मागे घ्या. माझं प्रमोशन अडकलंय."

रंगरावांनी नोट घेतली. वर म्हणाले, "हेच आधी कबूल करायचं होतं." आत ये, बस, चहा घे, यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. तक्रार मागे घेतली, पण ते मागे घेतल्याचं पत्र मुख्य कार्यालयात उशिरा पोचलं. नीरजाला खिडकीवरून हलवलं, मग खडकीच्या शाखेत पाठवलं. रंगरावांनी एटीएमचं कार्ड घेतलं आणि ते नोटा तिथेच मोजून पाकिटात घालू लागले. ते यंत्र नोटा बरोबर द्यायचं आणि गप्प राहायचं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांनी फळी पुसायला घेतली. विधुराच्या घरात हळदीकुंकवाच्या डब्याला हात लावायचं कारण वर्षभर पडलं नव्हतं. झाकण उघडलं. कुंकवावर पाचशेची एक नोट होती, घडी न घातलेली.

मार्चमधली दुपार त्यांनी पुष्कळ आठवून पाहिली, तरी आठवेना. पुढे केलेला हात तिथे नव्हता. तरी त्यांच्या हाताने चपला काढायच्या आत पहिली नोट जागेवर ठेवलीच होती. रंगराव फळीखाली तसेच बसून राहिले आणि मोठ्याने रडले. दार लावायचीसुद्धा गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते खडकीला गेले. नीरजा कर्जाच्या टेबलावर कॉम्प्युटरपुढे होती. त्यांनी नोट पुढे ठेवली आणि डब्याचं सगळं, न चुकवता, सांगितलं. "माझंच चुकलं, पोरी."

तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. नोटेला लागलेलं कुंकू रुमालाने पुसलं आणि ती पर्समध्ये ठेवली. "ठीक आहे. आपण एवढ्या लांब आलात, आभारी आहे. आणखी काही काम होतं का, सर?"

काम नव्हतं. रंगराव तरी थोडे थांबले. ती स्क्रीनकडे वळली होती, आणि खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक कागद घेऊन उभं होतं.

दारापाशी आल्यावर ते मागे वळून म्हणाले, "जेवून आलोय हं मी."

सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. वॉचमनने मान हलवली आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.